डबल बेल कोण देणार?

वडूजच्या अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या मुलामुलींना ‘कशाची तयारी चाललीय?’ असं विचारलं, तर उत्तरं ठरलेली असतात. पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक, आर्मी. त्या यादीत खाली कुठंतरी आणखी दोन नावं हमखास येतात, एसटी आणि पोस्ट. खटाव-माणच्या दुष्काळी पट्ट्यात या दोन नोकऱ्यांना जुना मान आहे. पाऊस पडो न पडो, महिन्याला पगार होतो, म्हणून हा मान.

आता मात्र या नोकऱ्यांचा विषय निघाला की घरात दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, ‘सगळं मोबाइलवर आलंय, कंडक्टर आणि पोस्टमन आता किती दिवस लागणार?’ दुसरा म्हणतो, ‘सरकारी आहे ना? मग डोळे झाकून फॉर्म भर.’ दोन्ही मतं अर्धवट आहेत. यंत्र आख्खी नोकरी एकदम उचलून नेत नाही. ते नोकरीतली काही कामं काढून घेतं, काही नवी कामं आणून ठेवतं, आणि या अदलाबदलीच्या गडबडीत नोकरीच्या अटी बदलून जातात. फॉर्म भरणाऱ्यानं डोळे उघडे ठेवून पाहायचं ते या अटींकडे.

आपल्याच आगारापासून सुरुवात करू.

पंच गेला, जबाबदारी राहिली

एसटीच्या सातारा विभागात अकरा आगारं आहेत, वडूज त्यातलं एक. तुमच्या आईवडिलांनी जो कंडक्टर पाहिला, त्याच्या हातात पत्र्याचा ट्रे असायचा. ट्रेमध्ये वेगवेगळ्या किमतीच्या तिकिटांचे गठ्ठे आणि बोटात पंच. पंचाची टिकटिक ऐकू आली की पोरं खिशातली चिल्लर चाचपायची. स्टेज कुठं बदलतो, कुठल्या थांब्यापासून किती भाडं, हे सगळं त्याला तोंडपाठ लागायचं. ड्यूटी संपल्यावर वे-बिल भरायचं, कुठल्या गठ्ठ्यातली किती तिकिटं गेली ते मांडायचं आणि हिशेब कमी भरला तर खिशातून घालायचे.

पंधराएक वर्षांपूर्वी तिकिटाचं मशीन आलं आणि हा सगळा पाढा मशीननं स्वतःकडे घेतला. आता त्यावर यूपीआयनं पैसेही देता येतात. सुट्ट्या पैशांवरून होणारी रोजची भांडणं कमी झाली, हिशेबाची डोकेदुखी हलकी झाली. हे चांगलंच झालं, यात वाद नाही.

पण त्याच मशीननं वाहकाला एक नवं काम दिलं, ज्याची चर्चा कुणी करत नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना मोफत आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास सुरू झाला. या सवलतीची भरपाई राज्य सरकार एसटीला देतं. ती कशावरून मोजायची? वाहकानं दिलेल्या तिकिटांवरून. म्हणजे मायणीच्या गाडीत बसलेल्या आजोबांना शून्य रुपयांचं तिकीट फाडून देणं, हे दिसायला बिनकामाचं काम वाटतं, पण एसटीच्या उत्पन्नातला मोठा वाटा त्यावर उभा आहे. गर्दीनं भरलेल्या गाडीत, हलत्या बसमध्ये, आधार कार्डावरचं जन्मवर्ष वाचत हे काम वाहकच करतो. कागदावरचा गणितज्ञ गेला आणि त्याच्या जागी नोंद ठेवणारा माणूस आला.

या नोंदीशी तुमचाही संबंध आहे. कुठली फेरी चालू ठेवायची आणि कुठली बंद करायची, हे आगार ठरवतं ते भारमानावर, म्हणजे गाडी किती भरते यावर. नोंद नीट झाली नाही तर कागदावर गाडी रिकामी दिसते, आणि कागदावर रिकामी दिसणारी गाडी पहिली बंद होते. मग निमसोड, पुसेसावळी किंवा डिस्कळच्या बाजूनं वडूजला कॉलेजला येणाऱ्या मुलीचं शिक्षण एका फेरीवर येऊन थांबतं.

एक माणूस कमी

दुसरा बदल हायवेवर दिसतो. सातारा-स्वारगेट विनाथांबा, विनावाहक गाड्या आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत. तिकीट स्टँडवरच मिळतं, गाडीत ड्रायव्हर एकटा. मध्ये कुठं थांबायचं नाही, म्हणून दोरी ओढून घंटी मारणाराही नाही. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हा एसटीचा सगळ्यात जुना संकेत. विनावाहक गाडीत डबल बेल देणारं माणूसच नसतं.

२०१९ मध्ये एसटीनं भरती काढली, त्यात पदाचं नावच ‘चालक तथा वाहक’ असं होतं. म्हणजे अवजड वाहनाचं लायसन्सही हवं आणि वाहकाचा बिल्लाही. दोन माणसांची कामं एका पदात आली. शिवशाहीच्या भाड्यानं घेतलेल्या गाड्यांत आणि आता येत असलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांत तिसरी रीत दिसते. गाडी कंपनीची, चालक कंपनीचा, वाहक एसटीचा. दोघं एकाच गाडीत, एकाच रस्त्यावर, एकाच वेळेला काम करतात. पण त्यांचे मालक वेगळे, पगार वेगळा, रजा वेगळ्या, आणि उद्या काही झालं तर दाद मागायची जागाही वेगळी.

एसटीची बाजूही ऐकली पाहिजे. तोटा मोठा आहे, डिझेल महाग आहे आणि थांबे नसलेल्या गाडीत दोन माणसं ठेवणं परवडत नाही, हे खरं आहे. विनावाहक गाडीला आमचा विरोध नाही. पण हायवेवर वाचलेला वाहक गेला कुठं, हे विचारायला हवं. तो वाहक आडबाजूच्या गावांच्या फेऱ्यांवर, मुक्कामी गाड्यांवर लावला गेला तर तंत्रज्ञानानं खटावचं भलं केलं असं म्हणता येईल. त्याची जागा निवृत्तीनंतर नुसतीच रिकामी राहिली, तर बचत हायवेवर झाली आणि तिची किंमत वाडीवस्तीनं मोजली, असा त्याचा अर्थ होतो. एसटी महामंडळाचा प्रवास १ जून १९४८ ला पुणे-नगर गाडीनं सुरू झाला, तो नफ्याच्या मार्गांपुरता राहावा म्हणून नव्हे.

तालुका खटाव, मुक्काम वडूज

आता पोस्टाकडे येऊ. आपल्या तालुक्याचं नाव खटाव, पण तालुक्याचं ठिकाण वडूज. बाहेरगावच्या माणसाला हे समजावताना आपलीच पंचाईत होते. त्यात ‘वडगाव’ नावाची गावं किती! खटाव तालुक्यात एक, कराडात एक, आणि उरलेल्या महाराष्ट्रात मोजायलाच नको. अशा देशात पत्र योग्य गावाला पोचायचं ते टपाल निवडणाऱ्या माणसांच्या स्मरणशक्तीवर. अक्षर कुणाचं, लिपी कुठली, गाव कुठल्या ठाण्याखाली येतं, हे त्यांच्या डोक्यात असायचं.

यावर उपाय शोधला तो एका मराठी माणसानं. रत्नागिरी जिल्ह्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी. त्यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ ला सहा आकडी पिनकोड सुरू झाला. वडूजचा ४१५५०६ हा आकडा आपण फॉर्मवर न बघता लिहितो, तो त्यामुळे. संगणक घराघरांत येण्याच्या कितीतरी आधी पोस्टातलं ज्ञान माणसाच्या डोक्यातून आकड्यांत गेलं होतं. आणि तरी पोस्टमन लागतच राहिला, कारण आकडा गावापर्यंत नेतो, दारापर्यंत नेत नाही.

मनिऑर्डरची गोष्टही अशीच. १८८० पासून चाललेली ही सेवा आपल्या भागाची रक्तवाहिनी होती. मुंबईच्या गिरण्यांत गेलेली माणसं, गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली खटाव-माण, खानापूर-आटपाडीची माणसं, सगळ्यांचे पैसे पोस्टमनच्या पिशवीतून घरी यायचे. पाठवणाऱ्याला शंभराला पाच रुपये कमिशन पडायचं. कुपनावर दोन ओळी मजकुराची जागा असायची, आणि घरात वाचणारं कुणी नसलं तर पोस्टमनच तो वाचून दाखवायचा. २०१३ मध्ये तार बंद झाली. २०१५ मध्ये जुन्या पद्धतीची मनिऑर्डर थांबून तिचं इलेक्ट्रॉनिक रूप उरलं. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. एकेका बातमीला लोकांनी हळहळ व्यक्त केली आणि पोस्ट संपलं असं मानलं.

पोस्ट संपलं नाही, त्याचं काम बदललं. १ सप्टेंबर २०१८ ला इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक सुरू झाली. त्याच्या आगेमागे ‘दर्पण’ प्रकल्पातून खेड्यातल्या शाखा टपाल कार्यालयांत हातात धरायची यंत्रं आली. आज पोस्टमन किंवा ग्रामीण डाकसेवक दारात येऊन अंगठ्यावर खात्यातले पैसे काढून देतो, पेन्शनरचा हयातीचा दाखला करून देतो, आधारचा मोबाइल नंबर बदलून देतो. लाडकी बहीण योजनेचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येऊ लागले, तेव्हा पोस्ट बँकेचं खातं काढायला रांगा लागल्या. ज्या म्हातारीला पूर्वी पैसे काढायला तालुक्याला यावं लागायचं, तिचं एसटीचं भाडं आणि आख्खा दिवस वाचतो. डिजिटल सुधारणेचा याहून सरळ फायदा दाखवता येणार नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये देशभरच्या टपाल कार्यालयांत नवी संगणक प्रणाली आली. ओटीपी देऊन टपाल घेणं, क्यूआर कोडनं पैसे भरणं, हे तिच्यातून शक्य झालं. त्याआधी मे २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ जाहीर झाला. देशाची जमीन साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत वाटून प्रत्येक चौकोनाला अक्षरं आणि आकडे मिळून दहा चिन्हांचा पत्ता दिलाय. आपल्याकडे निम्मी वस्ती मळ्यात राहते. ‘विहिरीच्या वरच्या अंगाला, चिंचेच्या पलीकडं’ हाच जिथला पत्ता, तिथं डिजिपिनचं मोल मोठं आहे. ॲम्ब्युलन्सला रस्ता सांगताना ते कळेल.

मग पोस्टमनच्या डोक्यातलं राहिलं काय? चौकोन कुठं आहे हे डिजिपिन सांगतो. त्या चौकोनात राहणारी माणसं ऊसतोडीला गेलीत की घरी आहेत, आजीच्या हातात रक्कम द्यायची की नातवाच्या, अंगठा उमटत नाही तर काय करायचं, हे तो सांगत नाही. हे ज्ञान आजही माणसाकडेच आहे. प्रश्न एवढाच, की त्याची किंमत कोण देतं?

ग्रामीण डाकसेवकाची भरती दहावीच्या गुणांवर होते, परीक्षा नसते, म्हणून आपल्याकडे त्यासाठी अर्जांचा पाऊस पडतो. शाखा डाकपालाला सुरुवातीला १२ हजार, सहायक शाखा डाकपाल आणि डाकसेवकाला १० हजार रुपये आणि त्यावर महागाई भत्ता, असा हा मोबदला. काम कागदावर रोज चार-पाच तासांचं. पण ही खात्याची नियमित नोकरी धरली जात नाही. आठ तासांचं काम आणि नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा द्या, ही डाकसेवकांच्या संघटनांची जुनी मागणी आहे. टपालवाटपाच्या जोडीला बँक, विमा, आधार अशी कामं हातातल्या यंत्रावर येत गेली. यंत्र आलं तेव्हा काम वाढलं, पण तासांचा हिशेब जुनाच राहिला.

पाठीवर मोठी बॅग घेतलेला तिसरा

वडूजच्या रस्त्यांवर आता आणखी एक जण दिसतो. मोटारसायकल, पाठीवर त्याच्या अंगापेक्षा मोठी बॅग, हातात फोन. ऑनलाइन मागवलेल्या वस्तू पोचवणारा हा मुलगा बहुतेक वेळा तुमच्याच कॉलेजचा माजी विद्यार्थी असतो, किंवा आजी. तो पत्ता शोधतो, ओटीपी घेतो, रोख किंवा यूपीआयनं पैसे वसूल करतो, रात्री हिशेब जुळवतो. म्हणजे पोस्टमन आणि कंडक्टर या दोघांचं काम तो एकटा करतो.

पण बहुतेक ठिकाणी त्याला पगार नसतो, पार्सलमागे ठरलेले पैसे मिळतात. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, पंक्चर त्याचं. घर बंद निघालं आणि पार्सल परत आलं तर फेरी फुकट. शहरात एका इमारतीत दहा पार्सलं उतरतात. आपल्याकडे दोन पार्सलांमध्ये आठ किलोमीटरचा माळ पडतो. तरी ॲपच्या लेखी पार्सल ते पार्सल.

नीती आयोगानं २०२२ मध्ये काढलेल्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात असं गिग काम करणारे ७७ लाख लोक होते, आणि २०२९-३० पर्यंत त्यांची संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज आहे. सामाजिक सुरक्षा संहितेत या कामगारांची पहिल्यांदा व्याख्या केली गेली. ही संहिता २०२० मध्ये संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या सुरक्षा निधीत द्यायची, मात्र ती कामगारांना दिलेल्या पैशांच्या पाच टक्क्यांवर जाणार नाही, अशी त्यात तरतूद आहे. सुरुवात म्हणून ठीक. पण अपघातात पाय मोडलेल्या मुलाच्या घरी त्यातलं किती आणि कधी पोचतं, यावर या कायद्याची परीक्षा होईल.

एकच फोन, तीन व्यवहार

आता तिघांना शेजारी उभं करून पाहा. एसटीचा वाहक, ग्रामीण डाकसेवक आणि पार्सलवाला. तिघांच्या हातात जवळपास सारखंच यंत्र. तिघंही स्कॅन करतात, नोंद करतात, पैसे घेतात, माणसांशी बोलतात. एकाला वेतनश्रेणी, भविष्य निर्वाह निधी आणि संघटना. दुसऱ्याला अर्धवट सरकारी मोबदला. तिसऱ्याला नगावर पैसे. हा फरक यंत्रानं केलेला नाही. तो माणसांनी लिहिलेल्या करारांनी केला आहे. ‘तंत्रज्ञानामुळे नोकऱ्या बिघडल्या’ असं म्हणून आपण हात झटकतो, तेव्हा करार लिहिणारे आपोआप सुटतात. यंत्र कुणाशी वाटाघाट करत नाही. महामंडळ, खातं आणि कंपनी यांच्याशी मात्र वाटाघाट करता येते, पण त्यासाठी आपण काय मागतोय ते कळायला हवं.

म्हणून पुढची जाहिरात आली की पदाच्या नावाच्या पलीकडे चार गोष्टी वाचा. मालक कोण, खातं की ठेकेदार? पैसे महिन्यावर की नगावर? पीएफ आणि अपघात विमा आहे का? आणि यंत्र जे मोजतं त्यात तुमचं सगळं काम येतं का? ही चार उत्तरं ‘सरकारी आहे की खासगी’ यापेक्षा जास्त सांगून जातात.

तयारीही त्याच अंगानं करा. हिशेब, आकडेमोड, पत्ता लक्षात ठेवणं ही कामं यंत्राकडे गेली, ती परत येणार नाहीत. दोन पदांची पात्रता अंगी असलेल्याला, म्हणजे लायसन्स आणि बिल्ला दोन्ही असणाऱ्याला, संधी जास्त. अंगठ्याचा व्यवहार अडला तर म्हातारीला न घाबरवता तो सोडवू शकणाऱ्याची गरज वाढतेच आहे. पार्सलचं काम करत असाल तर ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करून ठेवा, तिथं आता प्लॅटफॉर्म कामगारांचीही नोंद होते. नोंदच नसेल तर उद्या निधी आला तरी तुमच्या नावावर काही निघणार नाही.

कॉलेजांनाही एक काम सुचवावंसं वाटतं. नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव सक्तीचा झालाय. त्याच्या नावाखाली इंटरनेटवरून उतरवलेल्या फायली जमा होतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याऐवजी वडूजला रोज एसटीनं येणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपापल्या मार्गावर महिनाभर मोजणी करावी. गाडी किती वाजता आली, किती जण चढले, किती मागे राहिले. हा तक्ता घेऊन प्राचार्यांसह आगार व्यवस्थापकांना भेटावं. फेरी बंद करायला आकडे वापरले जात असतील, तर ती चालू ठेवायलाही आकडेच उपयोगी पडतील. भूगोलाच्या मुलांनी एकेका गावाच्या मळ्या-वस्त्यांचे डिजिपिन काढून ग्रामपंचायतीला आणि शाखा टपाल कार्यालयाला द्यावेत, बरोबर पोस्टमनदादांना बसवून. त्यांच्या डोक्यातलं ज्ञान निवृत्तीबरोबर घरी जाण्याआधी गावाच्या कामी येईल, आणि मुलांना कळेल की नकाशा आणि गाव यांत किती अंतर असतं.

खटाव-माणच्या तरुणांनी पोटासाठी गाव सोडणं नवं नाही. पण एसटी आणि पोस्ट या दोन नोकऱ्या अशा आहेत, की ज्या गावात राहून, गावासाठी करता येतात. त्या टिकतील की नाही, यापेक्षा त्या कुठल्या अटींवर टिकतील हा प्रश्न मोठा आहे, आणि त्याचं उत्तर मुंबई-दिल्लीत बसलेल्यांवर सोडून चालणार नाही. गाडी सुटायची वेळ झालीय. डबल बेल देण्याआधी सगळे चढलेत का, हे मागे वळून बघणारं कुणीतरी लागतं. ते काम अजून कुठल्याही मशीनला दिलेलं नाही.